आधी ऊन, मग सरडा : पहिला बिअर्डेड ड्रॅगन घरी आणण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तीन आठवड्यांनी तीन महिन्यांचं बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू घरी येणार आहे, हौस 12 वर्षांच्या लेकीची आहे आणि विकणाऱ्याने "यात सगळं आलं" म्हणून एक संच पुढे केला आहे. 60 सेंटिमीटर लांबीची काचेची टाकी, लाल बल्ब, पिळाच्या आकाराचा छोटा यूव्ही बल्ब, विजेवर गरम होणारा दगड, पिशवीभर वाळू आणि काचेला चिकटवायचा तबकडीचा थर्मामीटर. हे पुरेल का आणि आणखी काय लागेल?

पुरणार नाही. त्यातला लाल बल्ब, गरम दगड आणि तो थर्मामीटर तर फुकट दिला तरी घेऊ नका. विकणारा लबाड असेलच असं नाही. असे संच वर्षानुवर्षं विकले जातात, आणि पहिल्या वेळी मीही डोळे झाकून असाच एक घेतला होता. त्यानंतर बरीच वर्षं हे सरडे पाळले, लोकांना नकोसे झालेले आजारी सरडे सांभाळले. उपाशी ठेवलेला सरडा माझ्याकडे क्वचितच आला. आले ते बहुतेक पोटभर खाऊन खंगलेले. खाल्लेलं अंगी लागायला या प्राण्याला ऊन लागतं, आणि पेटीत ते ऊन आपल्यालाच उभं करावं लागतं. म्हणून खाण्यापिण्याचं नंतर सांगते, आधी उन्हाचं.

हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या भागातला. ऑस्ट्रेलिया आपले वन्यप्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे इतरत्र पाळले जाणारे हे सरडे पिढ्यान्‌पिढ्या माणसांकडेच जन्मलेले असतात. पण अंगाची सवय अजून तिकडचीच. तिथे तो सकाळी एखाद्या ओंडक्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर चढतो, अंग भाकरीसारखं चपटं करून उन्हाकडे कलतो, आणि ऊन जास्त शोषलं जावं म्हणून रंगही गडद करतो. अंग तापलं की रंग फिका होतो, तोंड उघडतं आणि स्वारी सावलीत जाते. आपल्यासारखी शेगडी त्याच्या शरीरात पेटलेली नसते. ऊन-सावलीत ये-जा करूनच तो आपलं तापमान राखतो. तेव्हा पेटीला एक टोक खरोखर तापलेलं आणि दुसरं खरोखर गार हवं. 60 सेंटिमीटरच्या टाकीत दिवा लावला की अर्ध्या तासात सगळी टाकीच तापते. गार टोक राहतच नाही.

पेटी 120 बाय 60 बाय 60 सेंटिमीटरची घ्या, आणि आत्ताच घ्या. पूर्ण वाढलेला सरडा शेपटीसकट 45 ते 60 सेंटिमीटर होतो आणि ही वाढ साधारण वर्ष-दीड वर्षात उरकते. "पिल्लू मोठ्या पेटीत बावरतं" असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. लपायला जागा असेल तर बावरत नाही. पुढून उघडणारी पेटी उत्तम, कारण वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो.

आणि एकच आणा. "जोडीने आणा, म्हणजे त्याला करमेल" हा सल्ला प्रेमळ आहे पण चुकीचा. एकावर एक पहुडलेली दोन पिल्लं फोटोत गोड दिसतात. प्रत्यक्षात वरचं पिल्लू खालच्याचं ऊन अडवून बसलेलं असतं. पुढे बोटं आणि शेपटीची टोकं कुरतडली जातात. या सरड्याची तुटलेली शेपटी पुन्हा येत नाही.

आता यूव्हीबी. उन्हातल्या अतिनील किरणांचा हा पट्टा डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. सरड्याच्या कातडीवर यूव्हीबी पडलं की तिथे ड-3 जीवनसत्त्वाचा आधीचा टप्पा तयार होतो, मग अंगाच्या उबेने त्याचं ड-3 होतं. यकृत आणि मूत्रपिंडातून गेल्यावर ते कामाला लागतं, तेव्हा कुठे आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जातं. या साखळीत यूव्हीबी आणि ऊब दोन्ही हवेत, म्हणून दोन्ही दिवे पेटीच्या एकाच बाजूला लावायचे. यूव्हीबीची ट्यूब एका टोकाला आणि उष्णतेचा बल्ब दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी मी किती घरांत पाहिली आहे! दोन्ही दिवे चालू, आणि सरडा सदैव एकाला मुकलेला.

कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं. एकदा माझ्याकडे साताठ महिन्यांची मादी आली. रोज रातकिडे, रोज पाला, वर कॅल्शियमची पूडसुद्धा. घरच्यांनी खरंच मनापासून केलं होतं. ती हातावर बसली तेव्हा पुढच्या पायाची बोटं बारीक थरथरत होती, जणू कोणी आतून तार छेडतंय. खालचा जबडा बोटाने अलगद दाबला तर तो रबरासारखा दबला. पेटीतला पिळाचा बल्ब लखलखीत पेटत होता, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. तो तिच्या पाठीपासून फार लांब होता, खाली बारीक जाळी होती आणि कित्येक महिन्यांत बदललेला नव्हता. उजेड होता, यूव्हीबी जवळपास नव्हतं. ती जगली, पण जबडा थोडा वाकडाच राहिला.

म्हणून तो पिळाचा बल्ब नको. त्याचा पट्टा अगदी छोटा असतो, सरडा थोडा सरकला की बाहेर. टी-5 हाय आउटपुट प्रकारची, 10 ते 12 टक्के यूव्हीबीची लांब ट्यूब घ्या, पेटीच्या निम्म्याहून थोडी जास्त लांबीची, मागे चकचकीत पत्रा असलेली. ऊन खायच्या जागी बसलेल्या सरड्याची पाठ ट्यूबपासून किती अंतरावर यावी, याचा तक्ता चांगल्या ट्यूबसोबत मिळतो. मध्ये जाळी नसेल तर ते साधारण 30 ते 40 सेंटिमीटर निघतं. जाळी असेल तर विणीप्रमाणे तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त यूव्हीबी तीच खाते; मग ट्यूब जवळ आणावी लागते. यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरण किती प्रखर आहेत तो आकडा, मोजायचं यंत्र महाग असतं, पण सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा जुन्या पाळणाऱ्यांकडे बरेचदा मिळतं. पाठीच्या उंचीवर 3 ते 4 आकडा आला की झालं. वर्षभराने ट्यूब बदला, पेटत असली तरी. लावल्याची तारीख तिच्या टोकावर मार्करने लिहून ठेवा, नाहीतर लक्षात राहत नाही.

खिडकीतलं ऊन याला पर्याय नाही, कारण काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. उलट बंद काचेची टाकी उन्हात ठेवली तर आतला प्राणी काही मिनिटांत भाजून निघतो. हवा उबदार असेल तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यात, निम्मी सावली ठेवून, समोर बसून अर्धा तास खरं ऊन द्या. त्याची सर कुठल्याच ट्यूबला नाही.

उष्णतेसाठी पांढऱ्या उजेडाचा साधा हॅलोजन फ्लड बल्ब लागतो. ऊब वरून आणि उजेडासोबत आली पाहिजे, सूर्याची येते तशी. त्याखाली सरड्याचं सगळं अंग मावेल असा सपाट दगड ठेवा. त्या दगडाचा पृष्ठभाग 38 ते 42 अंश सेल्सिअस, गार टोकाची हवा 24 ते 28. बल्बला मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅट लावा, आणि सरडा बल्बपर्यंत पोहोचू शकत असेल तर भोवती जाळीचं संरक्षण. दिवे टायमरवर, दिवसाचे 12 ते 13 तास.

तबकडीच्या थर्मामीटरवर माझा राग का, ते सांगते. माझ्या पहिल्या सरड्याच्या टाकीत तबकडी 36 दाखवत होती आणि मी खूश होते. सरडा दोन दिवस लांबच्या कोपऱ्यात काचेला नाक लावून बसला. "नवीन जागा आहे, बुजलाय" असं मी घरच्यांना सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी दगड सरकवायला हात घातला आणि चटका बसून तो झटकन मागे आला. तबकडी काचेजवळच्या हवेचं तापमान दाखवत होती. दगड कितीतरी जास्त तापला होता. त्या दिवशी मी इन्फ्रारेड टेम्परेचर गन आणली. दगडावर नेम धरायचा, कळ दाबायची, आकडा वाचायचा. हवेसाठी तारेच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, दोन टोकांना एकेक. संच नाकारून जे पैसे वाचतील ते आधी यावर घाला.

विजेचा गरम दगड याच कारणाने नको. तो खालून तापतो, असमान तापतो, आणि पोटाखालचा चटका सरड्याला वेळेत समजत नाही. पोटावर भाजल्याचे डाग घेऊन आलेले सरडे मी पाहिले आहेत.

लाल बल्बचं म्हणाल, तर "सरड्याला लाल उजेड दिसत नाही" ही जुनी समजूत आहे. त्याला तो दिसतो. शिवाय डोक्याच्या मधोमध एक फिकट खवला असतो, त्याखाली उजेड-अंधार ओळखणारा तिसरा डोळा असतो. (हे लेकीला जरूर दाखवा, भिंगातून छान दिसतं.) रात्री त्याला काळोख हवा आणि गारवाही चालतो, 18 ते 22 अंश. खोली त्याखाली जात असेल तरच उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर.

वाळूवर पाळणाऱ्यांमध्ये खडाजंगी होते. धडधाकट, नीट ऊब मिळणारा मोठा सरडा माती-वाळूच्या मिश्रणावर मजेत राहतो, उकरतोही. पण पिल्लू वाळू गिळतं आणि ऊब कमी पडली तर आतडं तुंबतं. पहिले काही महिने साधा कागद अंथरा. विष्ठा कशी आहे हेही त्यावर लगेच दिसतं. "कॅल्शियमची वाळू" म्हणून विकतात ती कधीच नको. बाकी सजावट म्हणजे चढायला एक जाड फांदी, गार टोकाला लपायला एक खोपा, एवढं बास. वजनदार दगड मात्र थेट तळावर टेकलेले असू द्या, म्हणजे खाली उकरलं तरी अंगावर कोसळणार नाहीत.

आता खाणं. तीन महिन्यांचं पिल्लू मुख्यतः किडे खातं. दिवसातून दोनदा, दहा मिनिटांत खाईल तेवढे. दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा द्यायचा नाही. रातकिडे, डुबिया झुरळं, टोळ हे रोजचं. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच चांगलं असतं. मेणअळ्या म्हणजे निव्वळ चरबी, त्या बक्षीस म्हणून कधीतरी. सगळे किडे पाळलेले आणि विकतचे घ्या. बागेतून पकडलेल्या किड्यावर कीटकनाशक असू शकतं, आणि काजवा तर पेटीच्या आसपासही नको : एक काजवासुद्धा या सरड्याचा जीव घेऊ शकतो.

किडा देण्याआधी दिवसभर त्यालाच चांगलं खाऊ घाला, पाला, गाजर वगैरे. उपाशी रातकिडा म्हणजे रिकामं टरफल. मग एका डब्यात किडे घालून वर चिमूटभर कॅल्शियमची पूड टाकायची आणि डबा हलवायचा. किडे पांढुरके दिसले की पुरे. ट्यूब चांगली असेल तर रोजच्या पुडीत ड-3 नको, ड-3 असलेली मल्टिव्हिटॅमिनची पूड आठवड्यातून एकदा-दोनदा. ड-3 तोंडावाटे जास्त गेलं तर तेही घातक असतं, म्हणून नेमकं प्रमाण डॉक्टरांकडून पक्कं करा. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका, ते झोपलेल्या सरड्याला चावतात.

पाला पहिल्या दिवसापासून रोज सकाळी ठेवा. मोहरीची पानं, डँडेलियन, एंडाइव्ह, किसलेला भोपळा. पिल्लू आठवडेच्या आठवडे ढुंकूनही बघणार नाही. तरी ठेवत राहा, एक दिवस तोंड लावतं. मोठं झाल्यावर हे प्रमाण उलटतं : रोज पाला, किडे आठवड्यातून दोन-तीनदा. इथे माया आड येते. मोठा सरडा किड्यांसाठी काचेवर नाचतो, आपण देत जातो आणि तो लठ्ठ होतो. पालकात ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियम अडकवून ठेवतं, म्हणून तो रोजचा नको. अॅव्होकॅडो विषारी. पाणी उथळ भांड्यात, रोज ताजं. बरीचशी पिल्लं साचलेलं पाणी ओळखत नाहीत, त्यांच्या नाकावर एक-एक थेंब सोडला की चाटतात.

आल्यानंतर पहिले आठ-दहा दिवस हातात घेऊ नका. लेकीसाठी हे सगळ्यात अवघड असणार. तोवर तिने पेटीसमोर बसून वाचावं, चिमट्याने किडे द्यावेत. त्या दिवसांत खाणं कमी असेल, त्याचं एवढं वाटून घेऊ नका. पुढे उचलताना हात बाजूने न्यायचा, छातीखाली सरकवायचा, चारही पाय हातावर टेकू द्यायचे. शेपटीला धरून कधीच नाही.

तो एक पुढचा पाय उचलून गोल फिरवेल. हात हलवून नमस्कार करतोय असं सगळ्यांना वाटतं; तसं नसतं, "तू मोठा, मी लहान, मला काही करू नकोस" असा तो इशारा असतो. दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, काळी पडून फुगली तर तो चिडलाय किंवा घाबरलाय. दिव्याखाली तोंड उघडं ठेवून बसणं ठीक. गार टोकाला बसून तोंड उघडं, नाकाशी बुडबुडे, श्वासाला टकटक आवाज असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कात तुकड्यातुकड्यांनी निघते, ती ओढून काढू नका. बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाला अडकून राहत नाही ना, तेवढं बघा.

डॉक्टर मात्र सरडा येण्याआधी शोधा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चांगले असले तरी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव वेगळा लागतो. पहिल्या आठवड्यातच ताजी विष्ठा तपासायला द्या. कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आणि कृमी पिल्लांमध्ये सर्रास सापडतात. दर आठवड्याला एका वेगळ्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचं काम लेकीला द्या. पिल्लाचं वजन दोन आठवडे वाढलं नाही, तर काय चुकतंय ते ती वही डोळ्यांच्या आधी सांगते.

ही तपासणी संपेपर्यंत आणि त्यानंतरही, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. दिसायला ठणठणीत सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जीवाणू, असू शकतो. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

पुढच्या दोन गोष्टी आत्ताच कानावर असू द्या. वर्षभरानंतर थंडीच्या दिवसांत तो कित्येक आठवडे झोपून काढू शकतो, खाणं जवळपास बंद. वजन टिकून असेल तर ही नैसर्गिक सुप्तावस्था आहे. भरभर उतरत असेल तर आजार. आणि पिल्लू मादी निघालं तर नराशिवायही ती अंडी घालू शकते. अस्वस्थपणे उकरू लागली की तिला ओलसर, खोल मातीचा डबा द्यावा लागतो, नाहीतर अंडी अडकतात. या वयात नर-मादी खात्रीने सांगता येत नाही, विकणारा काहीही म्हणो.

हे सरडे साधारण 8 ते 12 वर्षं जगतात, कधी त्याहूनही जास्त. तुमची लेक तेव्हा विशीत असेल, कदाचित दुसऱ्या गावी. तेव्हा खरा पाळणारा कोण, हे घरात आधी मोकळेपणी बोलून घ्या. तुमच्याकडच्या कायद्यानुसार नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर तीही कागदपत्रं पैसे देण्याआधी.

तीन आठवडे हातात आहेत, ते असे वापरा. पेटी आणि दिवे दहा दिवसांत आणून जोडा. मग सरड्याविना पेटी पूर्ण आठवडाभर टायमरवर चालवा. सकाळी दिवे लागल्यावर दोन तासांनी, दुपारी आणि पहाटे, असे दगडाचे आणि दोन्ही टोकांचे आकडे लिहून काढा. दगड जास्त तापला तर तो दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या किंवा कमी वॅटचा बल्ब लावा, आणि पुन्हा मोजा. सलग तीन दिवस आकडे हवे तिथे राहिले की विकणाऱ्याला फोन करा. राहिले नाहीत तर त्याला सांगा की पिल्लू आणखी एक आठवडा तुझ्याकडेच राहू दे.